रिटायर्ड हर्ट

बीजीएमआय, म्हणजे पूर्वीचा पबजी, हा मोबाइल गेम खेळणाऱ्या प्रत्येक चौकडीत एक गडी असा असतो, जो खेळताना कमी आणि खेळ सोडताना जास्त दिसतो. बाकीचे तिघे गेम खेळतात. हा गेममधून निवृत्त होतो. दर दोन-तीन महिन्यांनी, जाहीरपणे आणि कायमचा. चौकडीनं त्याचं नाव 'निवृत्तराव' ठेवलेलं आहे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, आणि गेममधलं नाव तर उच्चारताच येत नाही; त्यातली मधली चार अक्षरं सोडली तर बाकी सगळ्या तलवारी, चांदण्या आणि जपानी वाटावीत अशी चिन्हं आहेत.

निवृत्तरावांनी तिशी ओलांडलेली आहे. नोकरी हिंजवडीत, घर वाकडला, गाव सांगलीकडचं. बोटं घामानं घसरू नयेत म्हणून त्यांना घालायच्या टोप्या आणि मोबाइलच्या पाठीला चिकटवायचा छोटा पंखा त्यांच्या लॅपटॉपच्या बॅगेत कायम असतो. चार्जर मात्र विसरलेला असतो. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. "अजून खेळता का हो?" असं कुणाही खेळाडूला विचारलं, तर तो हो किंवा नाही म्हणतो. निवृत्तराव आधी सुस्कारा सोडतात. मग खिडकीबाहेर बघतात. मग म्हणतात, "खेळतो. पण आता ती मजा राहिली नाही."

ती मजा म्हणजे २०१८ ची. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आला, तेव्हा निवृत्तराव इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होते. त्याआधी दीड वर्ष जिओनं डेटा स्वस्त करून ठेवला होता, त्यामुळे देशातल्या तमाम हॉस्टेलांवर एकाच वेळी विमान उडालं. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, हाताला लागेल ते हत्यार उचलतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, एवढाच खेळ. बेटाचं नाव एरंगेल. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. पण हॉस्टेलवरच्या चौघांना त्यातलं एकच गाव माहीत होतं, पोचिंकी. रोज तिथंच उतरायचं, कारण तिथं लूट चांगली मिळते, आणि रोज मिनिटभरात मरायचं, कारण बाकी सगळ्यांनाही ते माहीत होतं. बंदूक सापडायच्या आत मेलेल्या माणसाला उरलेले तिघे पोट धरून हसायचे आणि हसता हसता तेही मरायचे. पहिल्यांदा जेव्हा जिंकल्यावर मिळणारं चिकन डिनरचं अभिनंदन पडद्यावर झळकलं, तेव्हा अख्खा मजला जागा झाला. चौकडीतला नाशिकचा गडी शुद्ध शाकाहारी; त्यानंही ते डिनर डोळ्यांत पाणी आणून स्वीकारलं.

जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये विद्यार्थ्यांशी परीक्षेबद्दल गप्पा मारल्या. एका आईनं मुलगा ऑनलाइन गेममध्ये अडकल्याची तक्रार केली, तर त्यांनी हा पबजीवाला आहे का, असं विचारलं आणि सभागृह हसलं. निवृत्तरावांच्या आईनं ते टीव्हीवर पाहिलं. तिचा फोन आला, "बाळा, तुझं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलंय रे!"

त्या काळात निवृत्तरावांना थकवा नव्हता, कारण त्यांना रँक नव्हती. म्हणजे गेममध्ये होती, त्यांच्या डोक्यात नव्हती. हा फरक पुढं फार महागात पडला.

रँकची शिडी अशी असते: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, मग ४,२०० गुणांना एस, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कॉन्करर. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. चढायला वेळ लागतो, आणि वर गेल्यावर एक गंमत होते. खाली असताना हरलं तरी फारसं काही जात नाही. वर गेलं की लवकर मेल्याबद्दल गुण जातात, आणि एका जिंकण्यात मिळवलेलं दोन मरणांत निघून जातं. शिवाय सीझन संपला की सगळ्यांना काही पायऱ्या खाली उतरवतात आणि पुन्हा चढायला सांगतात. म्हणजे शिखरावर झेंडा लावला, फोटो काढला, की डोंगर काढून घेतात आणि पुढच्या महिन्यात नवा देतात.

क्राउनच्या वर गेल्यापासून निवृत्तरावांनी पोचिंकीचं नाव टाकलं. आता ते बेटाच्या अशा कोपऱ्यात उतरतात, जिथं कुणी येत नाही. तिथं एखादं घर असतं, त्यात पट्ट्या आणि औषधं असतात, तेवढी ते गोळा करतात. मग गवतात पालथे पडतात. वीस-पंचवीस मिनिटं पालथे पडून राहतात. गोळीबाराचा आवाज आला की माईकवर कुजबुजतात, "कुणी फायर करू नका. लोकेशन कळेल." बंदुकांच्या खेळात बंदूक न वापरता पहिल्या दहांत येण्याची ही विद्या त्यांनी मेहनतीनं कमावली आहे. पन्नास माणसं आपसांत मरतात, निवृत्तराव गवत बघतात आणि त्यांच्या खात्यात 'प्लस' जमा होतो. वाकडच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पडलेला माणूस एरंगेलच्या गवतात पडला आहे, आणि दोन्हीकडे त्याला हलायची परवानगी नाही. अशा जगण्यानं कोण थकणार नाही?

त्यात कामाची यादी रोजची. गेम उघडला की हजेरीचं बक्षीस घ्यायचं. मग रोजची मिशनं: अमुक जातीच्या बंदुकीनं इतके गडी टिपा, तमुक अंतर गाडीनं जा, मित्राबरोबर इतक्या मॅच खेळा. मग आठवड्याची मिशनं. मग रॉयल पासची मिशनं, आणि त्या पासाला खरे पैसे मोजलेले असल्यामुळे ती सोडणं म्हणजे पैसे बुडवणं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी दिली. निवृत्तरावांना ती नाही. डेली मिशनला रविवार नसतो. सुट्टीच्या दिवशी दुप्पट गुणांचं कार्ड मिळालं, तर तो ओव्हरटाइम.

घरचे हाक मारतात, तेव्हा अडचण आणखी वाढते. आपल्या लहानपणीचा व्हिडिओ गेम पॉझ व्हायचा. हा होत नाही, कारण उरलेले नव्व्याण्णव लोक थांबायला तयार नसतात. आई गावाहून आली की हा संवाद ठरलेला.

"बाळा, भाकरी गार होतेय."

"आई, दोन मिनिटं. झोन येतोय."

"कोण येतोय? त्यालाही वाढते की."

झोन म्हणजे बेटावर आवळत येणारं निळं वर्तुळ. त्याच्या बाहेर राहिलं की हळूहळू जीव जातो. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आत ये ना! जेवायला ये म्हणजे आतच की." निवृत्तरावांकडे याचं उत्तर नव्हतं.

निवृत्तरावांना आयुष्यात एकदाच खरी विश्रांती मिळाली आणि ती केंद्र सरकारनं दिली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीपासून होता, ते पुढं काही आठवडे खेळत राहिले. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हरच बंद झाले. चौकडीनं ग्रुपवर शोक व्यक्त केला. निवृत्तरावांनी सर्वांत लांबलचक लिहिला आणि रात्री दहाला झोपले. पुढचे आठ महिने ते रोज दहाला झोपले. कांद्याची भजी करायला शिकले. लग्न ठरवलं. मुलीनं विचारलं, "तुम्हाला काही नाद वगैरे?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, "होता. आता नाही." त्या दिवशी ते खरंही होतं. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नावानं खेळ परतला. लग्नाला तेव्हा महिना झाला होता.

आजही ते त्या आठ महिन्यांना 'तो वाईट काळ' म्हणतात. पण त्या काळात त्यांचं वजन उतरलं होतं, पाठ दुखत नव्हती आणि स्वभाव इतका गोड झाला होता, की मुलीकडच्यांनी चौकशी न करता होकार दिला. तेव्हा त्यांना विश्रांती का लागू पडली, याचं कारण सोपं आहे. सर्व्हर सगळ्यांचाच बंद होता. कुणी पुढं जात नव्हतं, म्हणून ते मागं पडत नव्हते. एरवी ते एकटे सुट्टी घेतात, तेव्हा त्यांना सोफ्यावर पडल्या पडल्या दिसत असतं, की देशभर लोक जागे आहेत आणि एकेक करून त्यांच्या वर चढताहेत. माणूस खेळानं थकला असेल तर झोपेनं बरा होतो. हा मागं पडण्याच्या धास्तीनं थकलेला, आणि ती धास्ती झोपेत जास्त येते.

जुलै २०२२ मध्ये गेम पुन्हा ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीवर परतला. येताना अटी घेऊन आला: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. निवृत्तरावांनी या अटीचा कडक शब्दांत निषेध केला. बायको म्हणाली, "ऑफिसातही तू सलग सहा तास काम करत नाहीस." बिचारा गेमही सज्जन आहे. सुरुवातीलाच तो बजावतो, की हे खरं जग नाही, आभासी जग आहे. मधूनच सांगतो, बराच वेळ झाला, विश्रांती घ्या. निवृत्तराव ती सूचना अंगठ्यानं बाजूला सारतात. त्यांच्या आयुष्यात त्यांना विश्रांती घ्या म्हणणारे दोघंच, बायको आणि गेम, आणि दोघांनाही एकच वागणूक मिळते.

मग एका रात्री सव्वादोनला निवृत्तराव इंटरनेटवर आपल्या दुखण्याचा शोध घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, हे त्यांना कळतं. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या आयुष्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं, आणि हे सगळं साधारण बारा महिने टिकतं, अशी त्याची लक्षणं. निवृत्तराव दुखावतात. ताबा नाही कसा? दर दोन महिन्यांनी सोडतो की! नोकरी आहे, हप्ते वेळेवर जातात, आंघोळ होते. हे आपलं नाही. मग ते 'बर्नआउट'कडे वळतात. तिथं तीन लक्षणं दिलेली असतात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून काही नीट होत नाही असं वाटणं. निवृत्तरावांना वाटतं, लिहिणारा आपल्या मॅच बघत असावा. पण तिथंच पुढं लिहिलेलं असतं, की ही अवस्था नोकरी-व्यवसायापुरतीच समजावी, आयुष्याच्या बाकी गोष्टींना लावू नये. म्हणजे पहिल्यात हे बसत नाहीत आणि दुसऱ्यात यांना घेत नाहीत.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. बर्नआउटवर पहिला गाजलेला लेख मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये लिहिला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणारे लोक कसे विझत जातात, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या लोकांत स्वयंसेवक होते. म्हणजे पगार नसलेला माणूसही जळून जातो, ही गोष्ट पहिल्यापासून ठाऊक आहे. निवृत्तराव तर पगार न घेता वर रॉयल पासचे पैसे भरतात.

तीनही लक्षणं त्यांच्यात टप्प्याटप्प्यानं उमटतात. आधी ते विमानातच जांभई देतात. मग कडवटपणा येतो: "सगळे हॅकर झालेत", "सर्व्हरच भिकार आहे", "पिंग बघ माझा, पिंग बघ". शेजारच्या टीममधला कुणी चांगला खेळला तर तो हॅकर, आपल्या टीममधला खेळला तर त्याचं नशीब. शेवटी तिसरा टप्पा. समोर उभा असलेला गडी हुकतो, तो नुसता कॉम्प्युटरनं चालवलेला बॉट असतो, आणि बॉट निवृत्तरावांना मारतो. त्या रात्री निरोपाचा मसुदा तयार होतो.

निरोपाचा मेसेज वाचण्यासारखा असतो. 'मित्रांनो' अशी सुरुवात. 'इतक्या वर्षांचा हा प्रवास'. 'काही कटू, काही गोड'. 'माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर'. तीन परिच्छेदांनंतर 'कायमची रजा घेतो'. खाली रँकचा स्क्रीनशॉट, कारण जाताना आपण कुठल्या उंचीवरून गेलो हे जगाला कळलं पाहिजे. यावर अबुधाबीला नोकरी करणारा गडी अंगठा दाखवतो. नाशिककर हात जोडतो. आणि चौथा गडी, कोल्हापूरकर, लिहितो, "बरं. रात्री साडेधाला येतोस न्हवं?"

मग गेम काढून टाकण्याचा विधी. निवृत्तराव तो बायकोच्या समोर करतात, साक्षीदार लागतो म्हणून. त्यात खरं तर फारसं काही जात नाही. फोनमधलं ॲप जातं. खातं, रँक, बंदुकांचे रंग आणि ते तलवारींचं नाव सर्व्हरवर सुखरूप असतं. क्रिकेटमध्ये रिटायर्ड हर्ट होऊन तंबूत गेलेल्या फलंदाजाला बाद धरत नाहीत, पुढची विकेट पडली की तो पुन्हा बॅट घेऊन उतरू शकतो. निवृत्तरावही पॅड न सोडताच तंबूत बसलेले असतात.

तंबूतला काळ घालवण्यासाठी ते उपाय करतात. पहिला उपाय बुद्धिबळ, तेही ऑनलाइनच. आई खूश होते. बुद्धिबळात रक्त नाही. पण तिथंही नावापुढं रेटिंग असतं. पंधरा दिवसांत निवृत्तराव रात्री दीडला तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत असतात आणि घोडा फुकट गेला म्हणून उशीला बुक्की मारत असतात. दुसरा उपाय ध्यान. त्याचंही ॲप घेतात. ते ॲप सलग किती दिवस ध्यान केलं याचा आकडा दाखवतं. आकडा तुटू नये म्हणून रात्री अकरा पन्नासला निवृत्तराव लग्नाच्या मांडवातून उठतात, हॉलच्या पार्किंगमध्ये जातात आणि गाड्यांच्या हॉर्नमध्ये मनःशांती उरकून परत येतात. तिसरा उपाय 'खेळत नाही, नुसतं बघतो'. मग मॉर्टल किंवा स्काउट यांसारख्या नामांकित खेळाडूंची जुनी-नवी स्ट्रीम्स रात्रभर चालू. स्वतः खेळताना सहा तासांची मर्यादा तरी होती. बघण्यावर सरकारची काही अट नाही.

चौथा उपाय निसर्ग. बायकोला घेऊन राजगडावर जातात. संजीवनी माचीवर उभं राहून ते दूरवर नजर टाकतात. तिला वाटतं, माणूस निवला. तेवढ्यात ते म्हणतात, "काय हाइट आहे बघ. इथून चार जण बसले तर खालचा एकही वर येत नाही." यात चूक काढता येत नाही, कारण माची बांधली होती ती त्यासाठीच.

गंमत म्हणजे हा खेळ ज्याच्या नावानं निघाला, तो माणूस खेळ सोडण्यात निवृत्तरावांपेक्षा सरस निघाला. आयर्लंडचा ब्रेंडन ग्रीन. 'प्लेअरअननोन' हे त्याचं टोपणनाव आणि पबजीतले 'पी' आणि 'यू' तिथलेच. २०१७ मध्ये संगणकावरचा मूळ खेळ आला. २०१९ मध्ये ग्रीन त्याच्या कामातून बाजूला होऊन ॲमस्टरडॅमला गेला आणि २०२१ मध्ये कंपनीतूनही बाहेर पडून स्वतःचा वेगळा स्टुडिओ चालवू लागला. ज्यानं बेट वसवलं तो एकदाच उठून गेला. जे भाडेकरू होते ते अजून निरोपाची भाषणं करताहेत.

परत यायला निवृत्तरावांना कारण लागतं आणि ते सापडतं. नवा नकाशा आलेला असतो. किंवा नवा फोन घेतलेला असतो आणि 'नुसते ग्राफिक्स बघायला' गेम उतरवावा लागतो. किंवा अबुधाबीकराला एकटं वाटत असतं. त्याचं घड्याळ दीड तास मागं, त्यामुळे त्याला अकराला करमेनासं झालं की इकडे साडेबारा वाजलेले असतात. मैत्रीसाठी निवृत्तराव उठतात. सकाळी बायकोला फोनमध्ये पुन्हा ते चिन्ह दिसतं. ती काही बोलत नाही. फक्त आठवडाभर भाजीत मीठ कमी पडतं.

या चौकडीत कोल्हापूरकर हा खरा अभ्यासाचा विषय. तोही २०१८ पासून खेळतो. प्लॅटिनमच्या वर तो कधी गेला नाही आणि त्याच्या वर काही आहे, यावर त्याचा फारसा विश्वास नाही. त्याला बंदुकीपेक्षा गाड्यांचा शौक. बेटावर बाइक सापडली की तो टेकडीवरून ती उडवतो, हॉर्न वाजवत शत्रूच्या अंगणातून जातो, आणि मेला की "नाद खुळा!" म्हणून मोठ्यांदा हसतो. गेममध्ये एक तवा मिळतो. पाठीला अडकवला तर त्यावर आलेली गोळी अडते. इतर लोक एकच तवा घेऊन पुढं जातात; हा रस्त्यात दिसेल तो तवा हातात घेऊन बंदूकवाल्यांच्या मागं धावतो. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की तो चार-चार महिने दिसत नाही. जाताना सांगत नाही, आल्यावर कारण देत नाही. "ऊस गेला का?" "गेला. चला, पोचिंकी." याला बर्नआउट होत नाही, कारण हा कधी ड्युटीवर नव्हताच.

निवृत्तरावांच्या बायकोनं हे सगळं दोन वर्षं ऐकलं आणि एका रविवारी सकाळी चहा देताना साधा प्रश्न विचारला.

"काल जिंकलास ना?"

"हो. शेवटपर्यंत टिकलो."

"मग काय झालं?"

"प्लस बावीस."

"ते नाही रे. जिंकलास तेव्हा तुला काय झालं?"

निवृत्तरावांनी चहाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काय झालं होतं, तर हायसं वाटलं होतं, मायनस गेलं नाही म्हणून. परीक्षेत नापास न झाल्याचं सुख. त्यापलीकडे काही आठवेना. ती म्हणाली, "पूर्वी हॉस्टेलच्या गोष्टी सांगायचास त्यात तू सारखा हरायचास. त्या गोष्टी मला आवडायच्या."

त्या रात्री चौकडी जमली तेव्हा कोल्हापूरकरानं फर्मान काढलं, "भावा, आज रँक-बिंक नगं. साधी मॅच लाव. पोचिंकीत उतरायचं." निवृत्तराव कुरकुरले, की त्यात काही मिळत नाही. "मिळायला हितं काय बाजार हाय?" असं उत्तर आलं. रँक न मोजणारी मॅच लागली. चौघं पोचिंकीत उतरले. निवृत्तरावांना बंदूक मिळायच्या आत कुणीतरी खिडकीतून टिपलं. नाशिककर त्यांना उचलायला आला, तोही पडला. अबुधाबीकर दोघांना उचलायला आला आणि कोल्हापूरकराच्या गाडीखाली सापडला. आतल्या खोलीतून बायको धावत आली. खेळताना या घरात हसण्याचा आवाज येतो, हे तिला नवीन होतं.

इथंच हे चित्र संपवलं असतं तर निवृत्तराव बरे झाले असं वाटलं असतं. पण स्वभावाला औषध नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांची सूचना आली: 'मानसिक आरोग्यासाठी फन मॅच. मंगळवार व शुक्रवार, रात्री १० ते ११. उपस्थिती अनिवार्य. दांडी मारल्यास पूर्वकल्पना द्यावी.' खाली एक तक्ता जोडलेला होता. त्यात कोण कुठल्या मॅचमध्ये किती हसलं, हे भरायचा रकाना होता. कोल्हापूरकर ग्रुपमधून तात्पुरता बाहेर पडला. तरी मंगळवार-शुक्रवार टिकले. रँक प्लॅटिनमवर आली. पहिल्या आठवड्यात त्यांनी ती दिवसातून पाच वेळा पाहिली, नंतर एकदा, आणि परवा विचारलं तर म्हणाले, "बघावं लागेल." हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल, असं त्यांच्या आईलाही वाटलं नव्हतं.

असे निवृत्तराव घरोघरी आहेत. जेवण, झोप, नोकरी, माणसं यांतलं काही महिनोन्‌महिने सुटत चाललं असेल, तर थट्टा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं; बंगळूरच्या निम्हान्समध्ये अशा दुखण्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पण बहुतेकांना तेवढं झालेलं नसतं. त्यांनी करमणुकीला हजेरीपत्रक लावून घेतलेलं असतं, एवढंच. त्यांना गेम काढून टाकायला सांगू नका. ते काम ते स्वतः नियमित करतात. निरोपाच्या मेसेजवर रडका चेहरा पाठवू नका. रँक विचारू नका. काल किती मजेत मेलात, ते विचारा. उत्तर आलं तर माणूस ठीक आहे.

आणि निवृत्तरावांना एकच विनंती. पुढच्या वेळी खेळ सोडाल, तेव्हा कुणाला सांगू नका.